सॅन अँटोनिओचा डोळे नसलेला कोळी: एक थांबलेला रस्ता आणि एक पुसलेले नाव

२०१२च्या उन्हाळ्यात टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराच्या वायव्य भागात एका भुयारी मार्गाचे काम चालू होते. महामार्ग १५१ आणि लूप १६०४ हा शहराभोवतीचा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथली रोजची कोंडी फोडण्यासाठी हा मार्ग होता. अंदाजे खर्च दीड कोटी डॉलर. ऑगस्टच्या अखेरीस पाऊस पडून गेल्यावर दुभाजकाच्या जागेत जमिनीला एक भोक दिसले. आत सुमारे सहा फूट खोल नैसर्गिक पोकळी होती. तपासणीसाठी नेमलेल्या जीवशास्त्रज्ञ आत उतरल्या आणि त्यांना एक फिकट, जवळजवळ पारदर्शक कोळी दिसला. त्याला डोळे नव्हते. पाय पसरले तरी दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर भरेल एवढाच तो होता.

नमुना तज्ज्ञाकडे गेला. ओळख पटली: ब्रॅकन बॅट केव्ह मेशवीव्हर, शास्त्रीय नाव सिक्युरिना वेनाय. अमेरिकेच्या संघीय यादीत 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेला प्राणी. तोवर तो एकाच गुहेतून माहीत होता आणि त्या गुहेचे तोंड कधीच बुजवले गेले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला भुयारी मार्गाचे काम थांबले.

बातमी जगभर गेली ती 'एका कोळ्याने कोट्यवधींचा रस्ता अडवला' अशा थाटात. ही मांडणी मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही. रस्ता अडला तो कायद्यामुळे. कायदा लागू झाला तो आधीच्या तीस वर्षांत काही माणसांनी अंधाऱ्या भेगांत वाकून जमवलेल्या माहितीमुळे. या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग तर बहुतेक वर्तमानपत्रांपर्यंत पोचलाच नाही. सहा वर्षांनी एक शोधनिबंध आला आणि त्याने दाखवून दिले की सिक्युरिना वेनाय नावाची वेगळी प्रजाती नाहीच. मग तो रस्ता उगाच थांबवला होता का? माझे उत्तर ठाम 'नाही' असे आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी खडकाकडे जावे लागते.

खडक

महाराष्ट्रातल्या वाचकाला गुहा म्हटले की अजिंठा, वेरूळ, कार्ले आठवते. ती माणसांनी बेसाल्टमध्ये कोरलेली लेणी. पाण्याने विरघळून गुहा तयार व्हाव्यात असा हा खडक नाही. सॅन अँटोनिओच्या उत्तर आणि पश्चिम भागाखाली आहे ती चुनखडी, क्रेटेशियस काळात, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीला हळूहळू विरघळवते. बाल्कोनेस प्रस्तरभंगाच्या पट्ट्यात हा खडक आधीच तडकलेला आहे, त्यामुळे पाण्याला वाटा आयत्या मिळाल्या. लाखो वर्षांत त्याला अनारशासारखी जाळी पडली. अशा भूप्रदेशाला कार्स्ट म्हणतात. शहराच्या पाण्याचा मुख्य स्रोत असलेला एडवर्ड्स जलधर याच चुनखडीत आहे. पृष्ठभागावरचे पाणी इथे वाळूतून गाळून खाली जात नाही, भेगांतून सरळ उतरते. वर जे सांडेल ते खाली पोचते.

आता या जाळीत माणसाला शिरता येते ती पोकळी म्हणजे गुहा. माणूस शिरू शकत नाही अशा पोकळ्या त्याहून कितीतरी जास्त असतात: बोटभर रुंद, कधी त्याहूनही अरुंद, एकमेकींना जोडलेल्या किंवा मातीने तुंबलेल्या. जीवशास्त्रज्ञ त्यांना मेसोकॅव्हर्न म्हणतात. काही मिलिमीटर शरीराच्या कोळ्याच्या दृष्टीने या भेगा ऐसपैस आहेत. गुहेतली हवा कोरडी पडली किंवा तापमान वरखाली झाले की हे प्राणी तिथे सरकतात, कारण तिथली हवा जवळजवळ पूर्ण आर्द्र असते. थोडासा कोरडेपणाही त्यांना मारक ठरतो. त्यांच्या अंगावर बाहेरच्या कोळ्यांसारखे जाड संरक्षक आवरण उरलेले नसते.

म्हणून एखाद्या गुहेत जाऊन 'कोळी दिसला नाही' असे म्हटले तर त्याला फारसा अर्थ नाही. कोळी पलीकडच्या भेगेत असू शकतो. या प्राण्यांच्या पाहणीत एकाच जागी, वेगवेगळ्या हवामानात, पुन्हा पुन्हा जावे लागते ते यासाठी. महामार्गाच्या दुभाजकात सापडलेली पोकळी याच प्रकारची होती. तिला नाव नव्हते, पृष्ठभागावर उघडे तोंड नव्हते, कुठल्याही नकाशात ती नव्हती. खोदकाम झाले नसते तर ती कुणाला कळली नसती. खोदणाऱ्यांच्या बरोबर पाहणारे कुणी नसते, तर ती एका दिवसात भरून गेली असती.

अंधारातले जेवण

या कोळ्याच्या घराला छप्पर म्हणून वरची जमीन लागते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. खाली सूर्यप्रकाश नाही, म्हणजे हिरवी वनस्पती नाही, म्हणजे अन्न तयार होत नाही. जे काही येते ते वरून: पाण्याबरोबर वाहून आलेला पालापाचोळा, भेगांतून उतरलेली झाडांची मुळे, आसऱ्याला आलेल्या प्राण्यांची विष्ठा. या सगळ्यात टेक्सासच्या गुहांचा खरा आधार आहे तो गुहेतल्या रातकिड्यांचा. सिउथोफिलस गटातले हे रातकिडे दिवसा गुहेच्या छताला लटकून राहतात आणि रात्री बाहेर चरायला जातात. पहाटेपूर्वी परत येतात, आत विष्ठा टाकतात, अंडी घालतात, मरतात. त्या विष्ठेवर बुरशी वाढते, बुरशीवर स्प्रिंगटेलसारखे सूक्ष्म कीटक जगतात आणि त्या कीटकांवर कोळी. काही आंधळे भुंगेरे तर थेट रातकिड्यांची अंडी उकरून खातात.

हे रातकिडे चरायला किती लांब जातात, हे मध्य टेक्सासमध्ये मोजले गेले आहे. गुहेच्या तोंडापासून १०५ मीटरपर्यंत ते गेलेले आढळले. म्हणजे गुहेच्या तोंडाला कुंपण घातले आणि दहा पावलांवर डांबर ओतले, तर गुहा शाबूत राहते आणि आतला समुदाय उपाशी मरतो. त्यात भर लाल आग्यामुंग्यांची. या मुंग्या मूळच्या दक्षिण अमेरिकेच्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अलाबामातल्या मोबिल बंदरातून त्या अमेरिकेत शिरल्या. हिरवळीचे तुकडे, रस्त्याच्या कडा, नुकतीच उकरलेली जमीन त्यांना विशेष मानवते. त्या रातकिड्यांचे अन्न हिरावतात, गुहेत शिरून दिसेल त्याला खातात. बरे, त्यांच्यावर विष टाकावे तर तेच विष भेगांतून खाली उतरणार. म्हणून गुहांच्या आसपास मुंग्यांच्या वारुळात उकळते पाणी ओततात. हातांनी, वारूळ वारूळ शोधून, वर्षातून पुन्हा पुन्हा. अशा राखीव जागा सांभाळणाऱ्या लोकांच्या या कष्टाविषयी मला फार आदर वाटतो.

सॅन अँटोनिओ ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात येते, त्या बेअर काउंटीतल्या गुहाजीवांसाठी अमेरिकी मत्स्य व वन्यजीव सेवेने २०११ मध्ये जी पुनरुज्जीवन योजना काढली, तिच्यात उत्तम दर्जाच्या राखीव क्षेत्रासाठी किमान १०० एकर जमीन मागितली आहे, मध्यम दर्जासाठी किमान ४०. 'पाच मिलिमीटरच्या कोळ्याला शंभर एकर?' असा प्रश्न सभांमधून हमखास येतो. त्याचे उत्तर रातकिड्यांच्या पायांत, झाडांच्या मुळांत आणि पाणी झिरपायच्या वाटांत आहे.

एक मादी, एक बुजलेली गुहा

सिक्युरिना वेनाय या नावातला 'वेनी' म्हणजे जॉर्ज वेनी, कार्स्टचा अभ्यास करणारे भूजलतज्ज्ञ. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी ब्रॅकन बॅट केव्हमधून हा कोळी गोळा केला. त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले १९९२ मध्ये. ते केले विलिस गर्ट्श यांनी. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत त्यांनी आयुष्यभर कोळ्यांचा अभ्यास केला होता. टेक्सासच्या गुहांतले सिक्युरिना गटाचे आंधळे कोळी त्यांनी एका मोठ्या निबंधात एकत्र आणले आणि त्यातल्या कितीतरी प्रजातींना पहिल्यांदा नावे दिली. माडला गुहेतल्या कोळ्याचे नाव, सिक्युरिना माडला, त्याच निबंधातले.

मधल्या काळात, १९९० मध्ये, ब्रॅकन बॅट केव्हचे तोंड एका घराच्या बांधकामात बुजवले गेले. म्हणजे या कोळ्याला शास्त्रात नाव मिळाले तेव्हा त्याच्या एकमेव माहीत असलेल्या घराचा दरवाजा बंद होऊन दोन वर्षे झाली होती. खाली कोळी जिवंत आहेत की नाहीत, हे पाहायला जाणे शक्य नव्हते.

१९९२च्या जानेवारीतच बेअर काउंटीतल्या गुहाजीवांना संरक्षण द्यावे म्हणून वन्यजीव सेवेकडे अर्ज गेला. निर्णय व्हायला जवळजवळ नऊ वर्षे लागली. २६ डिसेंबर २००० रोजी नऊ प्रजाती संकटग्रस्त ठरल्या: तीन भुंगेरे, एक हार्वेस्टमन (कोळ्यांचा लांब पायांचा नातलग) आणि पाच कोळी. या पाचांपैकी चार सिक्युरिना गटातले होते, त्यात वेनाय आणि माडला दोन्ही. वेनी यांनी १९९४ मध्ये सॅन अँटोनिओच्या आसपासच्या कार्स्टचे सहा विभाग पाडले होते. खडक कुठे सलग आहे आणि ओढ्यांनी किंवा प्रस्तरभंगांनी कुठे तुटला आहे, यावर ते विभाग बेतलेले होते. प्राणी भेगांतूनच हिंडत असतील तर जिथे भेगा तुटतात तिथे त्यांचाही वंश वेगळा पडत असावा, हा त्यामागचा तर्क. वन्यजीव सेवेने संरक्षणाची सगळी आखणी या नकाशावर केली. ब्रॅकन बॅट केव्ह कुलेब्रा अँटिक्लाइन या विभागात येते.

आता या गटाची मूळ अडचण. हे आंधळे कोळी दिसायला एकसारखे: फिकट, लांब पायांचे. प्रजाती ओळखायची तर प्रौढ मादीचे जननेंद्रिय विच्छेदन करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. नर क्वचित मिळतात. गुहेत दिसतात त्यातली बहुतेक पिल्ले असतात आणि पिल्लांवरून काहीच सांगता येत नाही. गर्ट्श यांच्या हातात कित्येक गुहांमधून एखाददुसरीच मादी होती. दोन गुहांतल्या दोन माद्यांच्या अवयवात थोडा फरक दिसला, तर तो दोन प्रजातींमधला फरक आहे की एकाच प्रजातीतल्या दोन बहिणींमधला, हे ठरवायला त्यांच्याजवळ साधन नव्हते. त्यांनी उपलब्ध पुराव्यावर जे करता येईल ते केले. वेनायची सगळी ओळख अशी एका प्रौढ मादीवर उभी होती.

यातून एक कठीण गोष्ट ओघाने येते. २०१२ मध्ये महामार्गाखाली सापडलेला कोळी कुठला, हे कळण्यासाठी त्याला मारावे लागले. ज्या प्राण्याचा जगातला दुसराच नमुना हाती आला असे वाटत होते, तो विच्छेदनाच्या काचेवर गेला. यावर त्या वेळी उपरोधाने बरेच लिहिले गेले. मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि तो सोपा होता असे मात्र वाटत नाही. ओळख पटली नसती तर ती पोकळी 'काहीतरी कोळी असलेला खड्डा' राहिली असती आणि काँक्रीटने भरली गेली असती. एका कोळ्याच्या मरणाने त्याच्या भोवतालच्या भेगा वाचल्या.

कायदा कुठे अडतो

अमेरिकेचा संकटग्रस्त प्रजाती कायदा १९७३चा. यादीतल्या प्राण्याला मारणे, पकडणे, त्रास देणे यांना त्यात मनाई आहे. प्राण्याला प्रत्यक्ष इजा होईल अशा रीतीने त्याचा अधिवास नष्ट करणे हीदेखील 'इजा'च, ही शासनाची व्याख्या १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. गुहेतल्या प्राण्यांसाठी ही व्याख्या जीव की प्राण आहे, कारण त्यांना कुणी बंदुकीने मारत नाही. त्यांच्यावर पार्किंग होते.

टेक्सासमध्ये एक वेगळाच प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. हे प्राणी एकाच राज्यात, एकदोन काउंटींत राहतात, त्यांचा कसलाही व्यापार नाही. मग आंतरराज्य व्यापाराच्या अधिकारावर आधारलेला संघीय कायदा त्यांना लागू कसा होतो? ऑस्टिनजवळच्या सहा गुहाजीवांच्या जागेवर व्यापारी संकुल आणि घरे बांधू पाहणाऱ्या मालकांनी दावा लावला. जीडीएफ रिअल्टी विरुद्ध नॉर्टन या नावाने तो ओळखला जातो. पाचव्या सर्किट न्यायालयाने, म्हणजे टेक्सासवर अधिकार असलेल्या संघीय अपिली न्यायालयाने, २००३ मध्ये निकाल दिला की प्रजाती एकमेकींवर अवलंबून असतात, म्हणून एकेक प्रजाती सुटी काढून तिची किंमत करता येणार नाही. सगळ्या संकटग्रस्त प्रजातींचा एकत्रित परिणाम पाहावा लागेल. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अपील ऐकायला नकार दिला. आंधळ्या कोळ्याच्या अन्नसाखळीचे जे वर्णन मी वर केले, त्याचेच हे न्यायालयीन रूप आहे, आणि ते एका अपिली न्यायालयाने लिहिले याचे मला अप्रूप वाटते.

कायद्यात वाटाघाटीलाही जागा आहे. विकासकाला परवाना घेऊन काही हानी करता येते, बदल्यात दुसरीकडे संरक्षण द्यावे लागते. सॅन अँटोनिओच्या ला कँटेरा प्रकल्पाला २००१ मध्ये असा परवाना मिळाला. त्यात तिथल्या दोन गुहा गमवाव्या लागल्या आणि दुसऱ्या काही गुहांभोवतीची जमीन राखीव झाली. हा व्यवहार मला कधीच पूर्ण समाधानकारक वाटत नाही. एक गुहा दुसऱ्या गुहेची भरपाई करते असे धरून चालायचे, तर दोन्हींत कोण राहते हे आधी नक्की माहीत हवे. तेच तर या गटात सगळ्यात अवघड.

काम थांबल्यावर

२०१२च्या फेब्रुवारीत, म्हणजे हा शोध लागण्याच्या सहाच महिने आधी, वन्यजीव सेवेने बेअर काउंटीतल्या गुहाजीवांसाठी नव्याने अत्यावश्यक अधिवास, म्हणजे कायद्याने खास जपायची जमीन, जाहीर केला होता: ३० तुकडे, मिळून ४,२१६ एकर. महामार्गाखालच्या पोकळीने लगेच दाखवून दिले की असा नकाशा म्हणजे आपल्याला आजवर जे सापडले त्याची सीमा. कोळ्याची सीमा वेगळी.

राज्याच्या परिवहन विभागापुढे दोन वाटा होत्या: वन्यजीव सेवेशी सल्लामसलत करून भुयारी मार्गच पुढे रेटायचा, किंवा आराखडा बदलायचा. शेवटी आराखडा बदलला. भुयारी मार्ग सोडून उड्डाणपूल घेतला गेला आणि काही वर्षांनी त्या चौकातली कोंडी त्या पुलाने सोडवली. चुनखडीत खोल, रुंद चर खणण्यापेक्षा खांबांपुरते खोदणे हा कमी नुकसानीचा मार्ग होता. भेगा तिथेही तुटतात, पण सगळा थर उचलला जात नाही.

वेळ गेला, खर्च वाढला, लोक चिडले. रोज तासभर सिग्नलला अडकणाऱ्या माणसाची चीड मी खोटी मानत नाही. पण त्या चिडीचा रोख कोळ्याकडे असायला नको होता. तो चौक कार्स्टवर आहे, हे पहिल्यापासून माहीत होते. कार्स्ट विभागांचा नकाशा १९९४ पासून उपलब्ध होता. अशा जमिनीत खोल चर खणायचा आराखडा पसंत करण्याआधी उड्डाणपुलाशी त्याची तुलना करताना खाली काय निघू शकते याची किंमत धरायला हवी होती. कुठल्याही कार्स्ट प्रदेशात रस्ता आखणाऱ्या अभियंत्याने या प्रकरणातून उचलावी अशी गोष्ट माझ्या मते हीच: पाहणी निविदेच्या आधी आणि आराखड्याच्याही आधी.

२०१८: नाव पुसले जाते

मार्शल हेडिन आणि पिएर पाकां हे दोन कोळीतज्ज्ञ या गटाच्या मागे बरीच वर्षे होते. २००४ मध्ये त्यांनी दाखवले होते की मायटोकाँड्रियातल्या डीएनएवरून सिक्युरिनाच्या पिल्लांचीही ओळख पटवता येते. म्हणजे प्रौढ मादीची वाट पाहत बसायला नको. त्याच निबंधात त्यांनी सावधही केले होते: एकाच प्रकारच्या डीएनएवर विसंबून प्रजाती ठरवू नका.

२०१८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर मोठे काम प्रसिद्ध केले. शरीररचना, मायटोकाँड्रियातला डीएनए आणि पेशीकेंद्रकातल्या डीएनएचे दोनशे ते चारशे तुकडे, असे तिन्ही पुरावे एकत्र आणले. त्यातले काही डीएनए तर संग्रहालयात १९९० च्या दशकापासून साध्या पद्धतीने जपून ठेवलेल्या नमुन्यांतून मिळाले. ज्या बरण्या कुणी वर्षानुवर्षे उघडल्या नव्हत्या, त्या इतक्या बोलक्या निघाव्यात याचा आनंद संग्रहालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला झाला असेल.

निष्कर्षांपैकी दोन इथे महत्त्वाचे. सिक्युरिना वेनाय आणि सिक्युरिना माडला ही एकच प्रजाती. दोन्ही नावे गर्ट्श यांनीच एका निबंधात दिलेली. आता माडला हे नाव उरले. तसेच सिक्युरिना लॉफ्टिनी हे २००४ साली दिलेले नाव सिक्युरिना व्हेस्पेरामध्ये विलीन झाले. व्हेस्पेराही २०००च्या यादीतलीच.

यावरून 'बघा, ज्या कोळ्यासाठी रस्ता थांबवला तो अस्तित्वातच नव्हता' असे म्हणता येईल. ते चूक आहे. पोकळीतला कोळी होता, जिवंत होता, संरक्षित होता. फक्त त्याची चिठ्ठी बदलली. माडला त्याच दिवशी, त्याच यादीत, त्याच दर्जाने संरक्षित झालेली प्रजाती. वेनायच्या ऐवजी माडला असे नाव त्या वेळी पुढे आले असते, तरी त्या पोकळीला कायद्याचे संरक्षण तितकेच मिळाले असते.

पण नाव बदलल्याने काहीच बदलत नाही असे म्हणणेही प्रामाणिक ठरणार नाही. वेनाय ही दोनच ठिकाणांहून माहीत असलेली, जगातल्या सर्वांत दुर्मीळ प्राण्यांत मोजावी अशी प्रजाती होती. माडला त्या मानाने अनेक गुहांतून माहीत आहे. संकट किती टोकाचे, हा हिशेब त्यामुळे बदलतो. दुसरीकडे, कुलेब्रा अँटिक्लाइनमधली ही ठिकाणे आता माडलाच्या पसाऱ्याचा भाग ठरतात. पुनरुज्जीवन योजना तर प्रजाती जिथे जिथे आहे त्या प्रत्येक कार्स्ट विभागात सुरक्षित राखीव क्षेत्रे मागते. म्हणजे एक दुर्मीळ नाव गेले तरी या विभागातल्या चुनखडीची गरज संपत नाही, उलट माडलाच्या खात्यात ती वाढते. प्रजातीची सीमा चुकली तर आपण एका कोपऱ्याला अतोनात जपतो आणि दुसरा सोडून देतो. वर्गीकरणाचा कंटाळवाणा वाटणारा अभ्यास संवर्धनाच्या मुळाशी असतो तो असा. त्याच्यासाठी पैसा मात्र सगळ्यात शेवटी निघतो.

टीकाकारांना मी एवढेच विचारीन: हा दोष शोधून काढला कुणी? नमुने जमवणाऱ्यांनी, ते बरण्यांत जपणाऱ्यांनी आणि त्यांचा डीएनए वाचणाऱ्यांनीच. रस्त्याखालच्या कोळ्यासारखे नमुने गोळा झाले नसते, तर वेनाय आजही एका मादीच्या आधारावर वेगळी प्रजाती मानली गेली असती.

पाण्याची बाजू

सॅन अँटोनिओच्या मतदारांनी मे २००० मध्ये, कोळी यादीत येण्याच्या सात महिने आधी, विक्रीकरात डॉलरमागे एक अष्टमांश सेंटची वाढ मंजूर केली. तो पैसा एडवर्ड्स जलधराचे पुनर्भरण होते त्या भागातली जमीन विकत घेण्यासाठी होता. पहिल्या फेरीत त्यासाठी साडेचार कोटी डॉलर ठेवले होते. लोकांनी मते दिली ती पिण्याच्या पाण्यासाठी. पण जी जमीन डांबराखाली जाऊ नये म्हणून घ्यायची, तिच्या भेगांतून पाणी उतरते आणि त्याच भेगांत कोळी राहतात. शहराच्या पश्चिमेला सुमारे बारा हजार एकरांवर पसरलेले गव्हर्नमेंट कॅन्यन हे राज्याचे नैसर्गिक क्षेत्र अशा जमिनीचे ठळक उदाहरण. सिक्युरिना व्हेस्पेराची गुहा तिथेच आहे.

२०१२ मध्ये ही बाजू लोकांसमोर ठळकपणे मांडली गेली असती, तर वाद इतका 'माणूस की कोळी' असा झाला नसता, असे मला वाटते. त्या पोकळीत पावसाचे जे पाणी उतरते, त्याची वाट शहराच्या विहिरींच्या दिशेने जाऊ शकते. आंधळा कोळी जगू शकतो अशी भेग म्हणजे जिथे आर्द्रता टिकून आहे, पालापाचोळा वरून येतो आहे आणि विष अजून पोचलेले नाही अशी भेग.

पुढचे काम

२०१८च्या त्याच अभ्यासात सॅन अँटोनिओच्या परिसरातून आणखी काही प्रजातींच्या खुणा मिळाल्या आहेत, ज्यांचे वर्णन अजून झालेले नाही. केंद्रकातला आणि मायटोकाँड्रियातला, दोन्ही डीएनए तसे सुचवतात. अभ्यासातून हेही दिसले की टेक्सासच्या आंधळ्या सिक्युरिनांचे दोन मोठे वंश आहेत. ते बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या प्रदेशांत राहतात, पण बेअर काउंटीत कधीकधी एकाच पोकळीत दोन्ही सापडतात. त्यांच्या मादीच्या अवयवांची ठेवण वेगळी, पायांची लांबीही शरीराच्या मानाने वेगळी. म्हणजे एका भेगेत एक कोळी ओळखला म्हणून तिथला दुसराही तोच, असे धरता येत नाही. नव्या प्रजातींना नाव देण्याआधी त्यांच्या प्रौढ माद्या हव्यात, शक्य तर नरही, आणि एकाहून जास्त गुहांमधून. शहर या चुनखडीच्या भागाकडेच वाढत आहे, त्यामुळे नव्या वसाहतींच्या आणि रस्त्यांच्या खोदकामात अशा अनोळखी पोकळ्या पुढेही उघडत राहणार. त्या प्रत्येक वेळी यंत्र थांबवून आत दिवा घेऊन उतरणारा, पिल्लू दिसले तरी नमुना अल्कोहोलमध्ये नीट जपणारा आणि तो संग्रहालयापर्यंत पोचवणारा माणूस जागेवर हजर असायला हवा.